चाळिशीचा चष्मा आणि तपासणीची फी

बाजारच्या दिवशी दुपारी एक बाई आल्या. वय सत्तेचाळीस. डोळ्यांची तक्रार त्यांची नव्हतीच. सोबत आलेली मुलगी म्हणाली, "आईच्या भातात हल्ली खडा लागतो. आबा ताटावरून उठून जातात." दोन वर्षं त्या घरात बोलणी खात होत्या. घाई करतेस, लक्ष नसतं, मन कुठे असतं तुझं. मी ट्रायल फ्रेममध्ये अधिक दीड नंबरची भिंगं घातली आणि अक्षरांचा तक्ता न देता ताटलीत मूठभर तांदूळ ओतून पुढे केले. त्यासाठी माझ्या टेबलाच्या कप्प्यात तांदळाचा डबा असतो, सुई-दोरा असतो, पंचांगही असतं. बाईंनी पहिला खडा उचलला, मग दुसरा, आणि मान वर न करता पूर्ण ताटली निवडून काढली.

मी तालुक्याच्या गावी ऑप्टोमेट्रिस्ट आहे. डोळे तपासते, नंबर काढते, चष्मे देते, आणि जे माझ्या हातातलं नाही ते नेत्रतज्ज्ञांकडे पाठवते. बारावी झालेल्या मुलामुलींचे आईवडील मला विचारतात, "काम चांगलं आहे, पण ह्यात पोट भरतं का?" प्रश्न रास्त आहे. लोकांच्या उपयोगाचं काम करायचं तर मिळकतीवर पाणी सोडावं लागतं, आणि मिळकत हवी तर उपयोगाचा विचार बाजूला ठेवावा लागतो, असं आपल्याकडे गृहीतच धरलेलं असतं. माझा अनुभव वेगळा आहे. पैसा कुठून येतो याची मांडणी नीट केली तर ह्या दोन गोष्टी एकमेकींना धरून चालतात. ती चुकली तर हेतू कितीही चांगला असला तरी टिकत नाही. ही मांडणी कशी करायची ते इथे सांगते.

आधी काम काय आहे ते पाहू. डोळ्याच्या आतलं नैसर्गिक भिंग लहानपणी लवचीक असतं. जवळचं पाहताना ते फुगतं, लांबचं पाहताना चपटं होतं. वय वाढतं तसं ते कडक होत जातं, आणि चाळिशीच्या पुढेमागे जवळचं पाहण्याइतकं फुगेनासं होतं. म्हणूनच आपल्या भाषेत ह्या अवस्थेला आणि तिच्यावरच्या चष्म्यालाही 'चाळिशी' म्हणतात. हा आजार नव्हे. केस पांढरे होतात तसंच हे, आणि ते कुणालाच चुकत नाही. सुरुवातीला एक नंबर पुरतो, पन्नाशीला दोनच्या आसपास लागतो, साठीपर्यंत अडीच-तीनवर जाऊन तो बहुधा थांबतो.

उपाय इतका सोपा असूनही जगभरात असंख्य लोक त्याच्याविना आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या दृष्टीविषयक अहवालात, चाळिशी लागलेली पण योग्य चष्मा न मिळालेली माणसं ८२ कोटी ६० लाख असल्याचं म्हटलं आहे. ह्याचा संबंध थेट कमाईशी आहे. आसाममधल्या चहाच्या मळ्यातल्या चाळिशीपुढच्या मजुरांवर झालेला एक अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. निम्म्यांना चष्मे लगेच दिले, उरलेल्यांना अभ्यास संपल्यावर. ज्यांना आधी मिळाले त्यांची रोजची पानांची तोडणी दुसऱ्या गटापेक्षा सुमारे २२ टक्क्यांनी जास्त वाढली. बांगलादेशातल्या खेड्यांत झालेल्या आणि २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तर आठ महिन्यांनंतर चष्मा मिळालेल्यांची मासिक कमाई न मिळालेल्यांपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने अधिक निघाली. येवल्याला पैठणी विणणारा कारागीर, शिलाई मशीनवर बसणारी ताई, गवंडी, घड्याळजी, मोबाइल दुरुस्त करणारा पोरगा, ह्या सगळ्यांचं पोट हातभर अंतरावरच्या नजरेवर चालतं. त्यांच्या कामाची आणखी दहा-पंधरा वर्षं आपण त्यांना परत देऊ शकतो. ज्याला कामात अर्थ हवा आहे, त्याला ह्याहून स्पष्ट अर्थ मला तरी दाखवता येणार नाही.

आता शिक्षण. विज्ञान शाखेतून बारावी झाल्यावर ऑप्टोमेट्रीची पदवी साधारण चार वर्षांची असते, त्यातलं शेवटचं वर्ष प्रत्यक्ष कामाचं. चेन्नईचं एलिट स्कूल ऑफ ऑप्टोमेट्री १९८५ पासून हे शिकवतं. मुंबईत आणि पुण्यातही महाविद्यालयं आहेत. २०२१ च्या कायद्यानं सहयोगी आरोग्य व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोग नेमला आणि त्यात ऑप्टोमेट्रीचा समावेश झाला. त्यामुळे प्रवेश घेण्याआधी महाविद्यालयाच्या मान्यतेची कागदपत्रं मागून बघावीत, संकोच करू नये. एक गोष्ट मनाशी पक्की हवी: आपण नेत्रतज्ज्ञ डॉक्टर नाही. शस्त्रक्रिया आपली नाही, औषधोपचार आपला नाही. आपलं काम दृष्टी मोजण्याचं, ती सुधारण्याचं, आणि धोका वेळेवर ओळखण्याचं.

पदवी हातात आली की लगेच दुकान टाकू नका. हे मी आग्रहानं सांगते. निदान तीन वर्षं एखाद्या मोठ्या नेत्ररुग्णालयात काढा. पगार सुरुवातीला बेताचाच असतो, बरोबरचे अभियंते पुढे गेलेले दिसतात आणि जीव खट्टू होतो. पण हीच तीन वर्षं पुढची तीस वर्षं पोसतात. तिथे दिवसाला तीस-चाळीस डोळे हाताखालून जातात. रेटिनोस्कोप हातात बसतो, म्हणजे बुबुळातून परतणाऱ्या प्रकाशाची पट्टी कुठे हलते ते पाहून, माणूस एक अक्षरही न बोलता नंबर काढता येतो. तान्ह्या बाळाचा, न बोलणाऱ्या मुलाचा, अक्षरओळख नसलेल्या आजींचा नंबर असाच काढावा लागतो. संगणकी यंत्र झटपट आकडा देतं खरं, पण लहान मूल यंत्रात बघताना डोळ्यावर ताण देतं आणि यंत्र नसलेला वजा नंबर छापून मोकळं होतं. तो कागद बघून चष्मा दिला की मुलाचं नुकसान. अशा मुलाला डॉक्टरांकडून थेंब घालून, भिंग सैल करूनच तपासायचं असतं. हे पुस्तकात वाचून कळतं, पण अंगवळणी पडायला पाचशे मुलं तपासावी लागतात.

मी स्वतः त्या वर्षांनंतर एका चष्म्याच्या दुकानात नोकरी केली. दुकानाच्या पाटीवर 'डोळे तपासणी मोफत' असं मोठ्या अक्षरांत होतं. आठवड्याभरातच मालकांनी बाजूला घेऊन सांगितलं की तपासलेला माणूस रिकाम्या हातानं जाता कामा नये. नंबर नसला तर पाव नंबर लिहायचा, कुणाला कळत नाही. मी सुरुवातीला विरोध केला आणि मग, सांगताना वाईट वाटतं, दोन-चारदा लिहिलासुद्धा. डोकं दुखतं म्हणून आलेली कॉलेजची मुलगी होती, घरची परिस्थिती बेताची. पाव नंबरच्या चष्म्याचे अठराशे रुपये तिच्या वडिलांनी खिशातून सुट्या नोटा काढत मोजले. ते मोजणं मी विसरू शकत नाही. सहा महिन्यांत मी ती नोकरी सोडली.

पण त्या मालकांना दुष्ट ठरवून सोडून दिलं तर आपण काहीच शिकलो नाही. गोम पाटीवर होती. तपासणी फुकट असेल तर तपासणाऱ्याचं पोट फक्त विक्रीवर चालतं. मग त्याची नजर डोळ्याकडे राहत नाही, खिशाकडे जाते. म्हणून माझा पहिला नियम असा की तपासणीची वेगळी फी घ्यायची, ती दारावर लिहायची, आणि चष्मा लागला नाही तरी तेवढीच घ्यायची. लोक कुरकुरतात. "शेजारी तर फुकट बघतात" म्हणतात. त्यांना शांतपणे सांगायचं की ह्या फीमुळेच मी तुम्हाला 'चष्मा नको' म्हणू शकते. पहिलं वर्ष जड जातं. नंतर लोकच हे एकमेकांना सांगतात.

आकडे मांडून दाखवते. हे समजावण्यासाठी धरलेले आकडे आहेत. आपल्या गावचं भाडं, आपल्याकडचे दर घालून प्रत्येकानं स्वतःचा कागद करावा. समजा, महिन्याचे २५ दिवस काम, दिवसाला ८ तपासण्या, फी १५० रुपये. फीचे झाले ३०,०००. आठांपैकी पाचांना चष्मा खरोखर लागतो असं धरू. सरासरी चष्मा १,२०० चा, त्यात फ्रेम, काच आणि फिटिंग मिळून खर्च ६००. चष्म्यामागे ६०० उरले, म्हणजे महिन्याचे ७५,०००. एकूण जमा १,०५,०००. आता खर्च. गाळ्याचं भाडं १२,०००, दोन मदतनिसांचे पगार २६,०००, वीज-फोन-किरकोळ ५,०००. यंत्रं आणि फर्निचरसाठी आठ लाखांचं कर्ज, पाच वर्षांचं, साधारण बारा टक्क्यांनी घेतलं तर हप्ता १८,००० च्या आसपास. शाळातपासणी आणि सवलतीचे चष्मे ६,०००. बेरीज ६७,०००. हाती उरले ३८,०००.

तालुक्याच्या गावी सुरुवातीला हे वाईट नाही, पण ज्याला आपण चांगली मिळकत म्हणतो तीही ही नव्हे. ती येते पुढच्या पायरीवर. दोन-तीन वर्षांत रोजच्या आठाच्या बारा तपासण्या झाल्या आणि चष्मे पाचाचे सात झाले, तर जमा १,५०,००० होते. भाडं तेच, हप्ता तोच, माणसं तीच. खर्च फार तर पाचेक हजारांनी वाढतो. हाती ७८,००० उरतात. काम दीडपट झालं आणि मिळकत दुप्पट. पाच वर्षांनी हप्ता संपला की त्यात आणखी १८,००० ची भर. म्हणून सगळा भर रोज येणाऱ्या माणसांच्या संख्येवर ठेवायचा. प्रत्येक माणसामागे जास्त काढायला जायचं नाही. माणसं वाढतात ती विश्वासानं.

आता याच हिशेबातून फी काढून टाका. तेच ३८,००० हाती राहायचे असतील तर ३०,००० ची तूट भरायला रोज आणखी दोन चष्मे विकावे लागतील. आठांपैकी पाचांनाच गरज आहे, आणि विकायचेत सात. ते दोन पाव नंबर तिथे जन्माला येतात. मालक बदलला तरी ते येतील, कारण ते हिशेबातच आहेत.

माणसं पुरेशी आहेत का, हा पुढचा प्रश्न. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेनं खेड्यांत जी दृष्टीकेंद्रं उभी केली, तिथे साधारण ५०,००० लोकवस्तीला एक केंद्र असं प्रमाण धरलं. तेच मोजमाप घेऊ. पन्नास हजारांत चौथा हिस्सा तरी चाळिशीपुढचा असतो, म्हणजे साडेबारा हजार माणसं, आणि जवळपास प्रत्येकाला आज ना उद्या जवळचा नंबर लागणार. तीन वर्षांनी एकदा चष्मा बदलला असं धरलं तरी वर्षाला चार हजारांहून जास्त चष्मे झाले, शाळेतली मुलं आणि लांबचा नंबर असलेले वेगळेच. सगळे तुमच्याकडे येणार नाहीत. वर दाखवलेल्या सुरुवातीच्या हिशेबाला वर्षाला दीड हजार चष्मे पुरतात. जागा बघताना मी एस.टी. स्टँड आणि आठवडी बाजार यांच्या मधली बघितली, कारण खेड्यातला माणूस बाजाराच्या एका फेरीत चार कामं उरकतो. दुसऱ्या फेरीचं भाडं त्याला परवडत नाही, हे ध्यानात ठेवून शक्य ते चष्मे त्याच दिवशी, बाजार उठायच्या आत बनवून द्यायचे.

भांडवलाला मुद्रा योजना आहे. २०१५ पासून ती चालू आहे, आणि किशोर प्रकारात पाच लाखांपर्यंत, तरुण प्रकारात दहा लाखांपर्यंत कर्ज मिळतं. पण आठ लाखांतले पाच लाख सजावटीवर घालवू नका. रेटिनोस्कोप, चांगला ट्रायल सेट, तक्ते, चष्म्याचा नंबर मोजायचं लेन्सोमीटर, डोळा मोठा करून बघायचा स्लिट लॅम्प आणि डोळ्यातला दाब मोजायचं साधन, एवढं आधी. काचेचं कपाट आणि रोषणाई नंतर.

ज्याला देता येतं त्याच्याकडून घ्यायचं आणि ज्याला नाही त्यालाही तितकंच चांगलं द्यायचं, हे सांगायला सोपं आहे. ते चालवून दाखवलं मदुराईच्या डॉ. जी. व्यंकटस्वामींनी. संधिवातानं बोटं वाकडी झालेला हा माणूस सरकारी सेवेतून निवृत्त झाला आणि १९७६ साली अठ्ठावन्नाव्या वर्षी त्यानं अकरा खाटांचं अरविंद नेत्ररुग्णालय सुरू केलं. पैसे देणाऱ्या रुग्णांच्या उत्पन्नावर तिथे फुकट आणि सवलतीच्या शस्त्रक्रिया होत गेल्या, त्याच डॉक्टरांच्या हातून. मोतीबिंदूनंतर डोळ्यात बसवायचं भिंग परदेशातून आणणं परवडेना, तेव्हा १९९२ मध्ये ऑरोलॅब ही स्वतःची संस्था काढून ते इथेच बनवलं आणि किंमत परदेशी भिंगाच्या मानानं अगदी लहानशी करून टाकली. देणगीची वाट बघत ते बसले नाहीत. आधी खर्च उतरवला आणि मग दर उतरवला.

आपल्या छोट्या गाळ्यात तेच लहान मापानं करता येतं. माझ्याकडे सर्वांत स्वस्त चष्मा आणि सर्वांत महाग चष्मा एकाच कपाटात, एकाच उंचीवर असतात, किमतीच्या चिठ्ठ्या बाहेरून वाचता येतील अशा. गरिबाचा ट्रे खाली, टेबलाखाली ठेवायचा नाही. तहसील कचेरीतले साहेब महागडी प्रोग्रेसिव्ह काच घेतात, त्यातून जे उरतं त्यातून ऊसतोड कामगाराला सवलत देता येते. दोन्ही डोळ्यांचा नंबर सारखा असेल, तिरपा नंबर नसेल, तर बाजारातला तयार चाळिशीचा चष्माही चालतो, आणि तसं मी मोकळेपणानं सांगते. फक्त एकदा डोळा तपासून घ्या, एवढा आग्रह धरते. कारण चाळिशीच्या निमित्तानं आलेल्या माणसात काचबिंदू दडलेला असू शकतो. तो बहुधा दुखत नाही, नजर कडेनं खात येतो, आणि गेलेली नजर परत मिळत नाही. मधुमेह असलेल्याला वर्षातून एकदा डोळ्याचा पडदा तपासायला पाठवायचंच, दिसायला कितीही छान दिसत असलं तरी.

पाठवताना एक सापळा असतो, कट प्रॅक्टिसचा. रुग्ण पाठवलात तर इतके टक्के, असे निरोप पहिल्या वर्षीच येऊ लागतात. घेऊ नका. एकदा घेतलं की मोतीबिंदूवर शस्त्रक्रिया लागेल की नाही हे ठरवताना आपला हात थरथरतो. मी तीन ठिकाणांची नावं सांगते, त्यात एक सरकारी उपजिल्हा रुग्णालय असतंच, आणि निवड घरच्यांवर सोडते. ह्यानं उत्पन्न कमी होतं का? त्या महिन्यात होतं. पण शस्त्रक्रिया होऊन आलेला माणूस चष्म्याला माझ्याकडेच येतो, आणि सोबत व्याह्यालाही आणतो.

शाळांबद्दल थोडं जास्त सांगायला हवं. एका डोळ्याचा नंबर मोठा आणि दुसरा डोळा चांगला, असं मूल कधीच तक्रार करत नाही, कारण चांगल्या डोळ्यावर त्याचं भागतं. मेंदू मात्र मोठ्या नंबराच्या डोळ्याकडे दुर्लक्ष करायला शिकतो. सात-आठ वर्षांच्या आत चष्मा आणि चांगल्या डोळ्यावर पट्टी हा उपचार झाला तर नजर पुष्कळ सुधारते. उशीर होत जातो तसं अवघड होत जातं. म्हणून पहिलीच्या वर्गात एकेक डोळा झाकून तक्ता वाचून घेणं, एवढं एक काम वर्षातून दोन दिवस मी करते. सरकारच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं शाळेत येतात, त्यांच्याशी जुळवून घेतलं तर तीच मुलं दोनदा तपासली जात नाहीत. ह्या दोन दिवसांत एक पैसाही मिळत नाही. तो खर्च वरच्या सहा हजारांत आधीच धरलेला आहे, म्हणून तो दर वर्षी होतो. उरलं तर करू म्हटलं असतं तर कधीच उरलं नसतं.

दुकान हाच एक रस्ता आहे असं नाही. मोठ्या रुग्णालयात अल्पदृष्टी असलेल्यांसाठी विशेष भिंगं, बुबुळाचा आकार बिघडलेल्यांसाठी खास कॉन्टॅक्ट लेन्स, मुलांचा वाढता वजा नंबर आवरण्याचे उपचार, अशा शाखा आहेत आणि त्यात कौशल्य मिळवलेल्यांना पगारही बरा मिळतो. ज्याला उधारी, भाडं, हिशेब यांचा जाच नको त्यानं तिकडे जावं. स्वतःचा गाळा चालवायचा तर रोज संध्याकाळी वही उघडण्याची आवड लागते.

माझ्या वहीत नंबराशेजारी एक जास्तीचा रकाना आहे. माणूस कशासाठी आला ते त्यात एका शब्दात लिहिते: तांदूळ, सुई, पोथी, गाडी, बॅंकेची सही. पंधरा दिवसांनी माझी मदतनीस फोन करते तेव्हा 'चष्मा कसा आहे' असं विचारत नाही. त्या शब्दाचं विचारते. चष्मा बराय असं तर सगळेच सांगतात. परवा 'पोथी' लिहिलेल्या आजोबांना फोन केला. म्हणाले, "चष्मा बरा आहे हो, पण उजव्या डोळ्यानं ओळीचा मधला शब्द पुसल्यासारखा होतो." पंधरा दिवसांपूर्वी तपासले तेव्हा हे नव्हतं. तपासणीची फी पुन्हा लागणार नाही, उद्याच्या पहिल्या गाडीनं या, असं त्यांना सांगितलं, आणि पडद्याच्या डॉक्टरांना रात्रीच फोन करून ठेवला.